पॉलीनच्या बुटांमागे

ढोल वाजवता येणं आणि ढोल घेऊन सरळ चालता येणं ह्या दोन पूर्ण वेगळ्या विद्या आहेत, हे मला नॉटिंगहॅमला आल्यावर कळलं. पुण्यात ह्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

आमची केतकी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि शाळेतल्या मैत्रिणीच्या नादाने एका ड्रम अँड ब्यूगल कोअरमध्ये जायला लागली होती. (ह्या 'कोअर'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी पी आणि एस आहेत, पण दोन्ही मुके. मला ते ठाऊक नव्हतं. सुरुवातीचे काही आठवडे मी ऑफिसमध्ये मोठ्या अभिमानाने सांगत होतो की माझी मुलगी 'कॉर्प्स'मध्ये आहे. कॉर्प्स म्हणजे प्रेत. लोक माझ्याशी फार हळुवारपणे वागायचे.)

हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बिगुलं, ढोल आणि झेंडे घेतलेली पन्नासेक माणसं फुटबॉलच्या मैदानावर उतरतात आणि वाजवता वाजवता चालत गोल, चौकोन, बाण अशा आकृत्या काढतात. कुणी कुणावर आपटत नाही. निदान तशी अपेक्षा असते. आमच्या कोअरला वयाची अट नव्हती, त्यामुळे त्यात शाळकरी पोरं होती, त्यांचे आईबाप होते आणि एकदोन आजोबाही होते. सगळ्यांचा सर्वेसर्वा होता रॉन. आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेला, कधीही आवाज न चढवणारा माणूस. आमचं कोअर दर वर्षी सीझनच्या मोठ्या स्पर्धेला जायचं, शेवटचं यायचं आणि परतताना बसमध्ये गाणी म्हणायचं.

त्या वर्षी मात्र रॉनला आशा होती. केतकीला शोच्या मध्यावर बिगुलाचा सोलो मिळाला होता. ती तो बाथरूममध्ये दार लावून वाजवायची, आणि शेजारचा कुत्रा त्याला कुंपणापलीकडून उत्तर द्यायचा. सगळं छान चाललेलं असताना सगळ्यात मोठा ड्रम वाजवणारा डेव्ह वॉशिंग मशीन उचलायला गेला आणि त्याची पाठ धरली. स्पर्धा तोंडावर आलेली. आमचा सराव चालायचा त्या चर्च हॉलमध्ये रॉन चहाच्या टेबलापाशी येऊन म्हणाला की मोठा ड्रम कुणीतरी घ्यायला हवा, नाहीतर शोचा शेवटच होणार नाही.

मी बिस्किटाकडे बघत होतो. माझी बायको वैशाली चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली आणि स्वच्छ इंग्रजीत जाहीर केलं की तिचा नवरा अविनाश पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवायचा, हजारो लोकांसमोर.

हे खरं होतं. मी दोन वर्षं पथकात होतो. पण आमच्या पथकात डोळे मिटून वाजवायची पूर्ण मुभा होती. आपण कुठे चाललोय हे बघायचं काम गर्दीचं असायचं.

केतकीने गाडीत बसल्यावर दार धाडकन लावलं. मग म्हणाली, "बाबा, प्लीज से नो. माझा इज्जत जाईल."

(इज्जत स्त्रीलिंगी असते, हे सांगायची ती वेळ नव्हती.)

सराव सुरू झाला तेव्हा पहिली अडचण समोर आली, आणि ती अक्षरशः समोरच होती. डेव्ह सहा फुटांच्या वर. मी तसा नाही. हार्नेस खांद्यावर चढवून ड्रम छातीवर बसवला की माझ्यापुढचं जग संपायचं. वरून काही दिसायचं नाही, खालून काही दिसायचं नाही. दिसायची ती फक्त शेजारची पॉलीन. पॉलीन शाळेत डिनर लेडी होती, म्हणजे पोरांना दुपारचं जेवण वाढणारी, साठीची, आणि माझ्या लगतचा, जरा लहान ड्रम वाजवायची. तिने माझी दशा पाहिली आणि म्हणाली, "माझ्या बुटांकडे बघ, लव्ह. बूट जातील तिकडे तू जा."

इतका सोपा मार्ग मला आयुष्यात कुणी दाखवला नव्हता. काळी पँट, काळे बूट. ते डावीकडे सरकले की मी डावीकडे, थांबले की मी थांबलो. केतकीने मला स्वयंपाकघरात आकडे मोजत खेकड्यासारखं आडवं चालायला शिकवलं. वैशाली फ्रिजपाशी उभी राहायची आणि मी तिच्यावर आदळलो की केतकी पुन्हा एकपासून मोजायला लावायची. आठवडाभरात मी फ्रिज चुकवायला लागलो. रॉन म्हणाला, "लव्हली." तो सगळ्यालाच लव्हली म्हणायचा, पण मला बरं वाटलं.

स्पर्धेचा दिवस उजाडला, आणि खरं सांगतो, इतका थरार मी पुण्यातही अनुभवला नव्हता. दक्षिणेकडच्या एका गावातलं मैदान, लख्ख ऊन, बाहेर रांगेने लागलेल्या बसेस. कार पार्कच्या एका कोपऱ्यात लाल गणवेशातले बिगुलवाले एकच सूर लांबवत उभे, दुसऱ्या कोपऱ्यात निळ्यांचे ताशासारखे कडकडणारे स्नेअर ड्रम, मधूनच हवेत उडणारे झेंडे, आणि सगळ्यावर तळलेल्या कांद्याचा वास. मी माझ्या दोनच काठ्या पुन्हा पुन्हा मोजत होतो. पॉलीन मला म्हणाली की ती तरुणपणापासून इथे येतेय आणि तिला दर वेळी असंच होतं. मला ड्रम चढवून आत्ताच्या आत्ता मैदानात घुसावंसं वाटत होतं.

मग मला टोपी दिली. उंच, काळी, वर पांढरा तुरा. टोपी डेव्हची होती. डेव्हचं डोकंही डेव्हच्याच मापाचं होतं. केतकीने आत टिश्यू पेपर कोंबला, हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "बाबा, फक्त पॉलीन. दुसरं काही बघू नको."

आम्ही मैदानात उतरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिगुलं वर गेली आणि पहिला सूर असा फुटला की माझ्या अंगावर काटा आला. मी पहिला ठोका दिला, धम, आणि स्टँडमधून कुणीतरी 'हो'सारखं काहीतरी ओरडलं. मला पुणं आठवलं. अंगात आलं. मी दुसरा ठोका इतका मनापासून दिला की टिश्यू पेपरने जागा सोडली.

टोपी सरकत भुवयांवर आली, मग डोळ्यांवर. दोन्ही हातांत काठ्या. मी मान झटकली, टोपी आणखी खाली आली. आता टोपीच्या कडेखालून बाजूच्या गवताची एक पट्टी तेवढी दिसत होती. त्या पट्टीत काळी पँट आणि काळे बूट होते. मी सुटकेचा निःश्वास सोडला. पॉलीन होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला कुणी सांगितली नव्हती. ह्या स्पर्धांमध्ये एक परीक्षक मैदानात उतरून वाजवणाऱ्यांच्या मधून फिरतो. हातात छोटा टेपरेकॉर्डर असतो, आणि ऐकता ऐकता तो त्यात आपलं मत बोलत राहतो. परीक्षक काळी पँट घालतात. काळे बूटही.

बूट डावीकडे गेले, मी गेलो. बूट थांबले, मी थांबलो. मग बूट जरा मागे सरकले. हे सरावात नव्हतं, पण रॉनने ऐनवेळी काही बदललं असेल म्हणून मीही सरकलो. बूट भराभर चालायला लागले. ह्या वयात पॉलीनचा हा वेग बघून मला कौतुक वाटलं. मीही वेग वाढवला, ठोके चुकू दिले नाहीत. बूट अचानक वळले, मी वळलो. बूट जवळजवळ पळाले आणि एकदम माझ्या पट्टीतून नाहीसे झाले. मी त्याच दिशेने दमदार पावलं टाकत राहिलो, कारण थांबायचं नाही हे केतकीने शंभरदा बजावलं होतं.

गवत संपलं. काँक्रीट आलं. माझा ड्रम एकाएकी फार घुमायला लागला. मी बोगद्यात होतो.

पलीकडे उजेडात येऊन मी टोपी खांबावर घासून वर केली, तर समोर पुढच्या नंबरचं कोअर, पिवळ्या गणवेशात, रांगेने उभं. त्यांच्यातल्या एका मुलीने मला अदबीने विचारलं की तुमचं झालं का. मी म्हटलं, माझं झालंय, बाकीच्यांचं चालू आहे.

मी परत फिरलो, तर गेटवरच्या स्टुअर्डने हात आडवा केला. फार सभ्य माणूस होता. म्हणाला की हा फक्त बाहेर पडायचा रस्ता आहे, सर. मी सांगितलं की माझी माणसं आत वाजवतायत. त्याने आत कान दिला आणि मान्य केलं की हो, वाजवतायत खरी, पण तुम्हाला पलीकडून वळसा घालून यावं लागेल. आतून शोमधला माझ्या ओळखीचा दणदणीत भाग ऐकू येत होता. त्यानंतर संथ भाग, संथ भागात केतकीचा सोलो, आणि अगदी शेवटी, सगळे थांबल्यावर, एकच ठोका. माझा. तो झाल्याशिवाय शो संपत नाही.

मी ड्रमसकट पळालो. चिप्सची रांग मधून फाटली. इंग्रज माणसं किती पटकन बाजूला होतात हे बघून मन भरून आलं. मैदानाचं गेट काही सापडेना, सापडला तो प्रेक्षकांचा जिना. मी आडवा होऊन वर चढलो, लोकांनी पाय उचलून घेतले, मी सगळ्यांना सॉरी म्हणत गेलो आणि एका मोकळ्या पायरीवर टेकलो. शेजारी एक बाई डोळ्याला कॅमकॉर्डर लावून उभी होती. ती वैशाली होती.

"वैशाली," मी धापा टाकत म्हणालो.

"शू," ती कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता म्हणाली. "मी अविनाशचं शूटिंग करतेय."

मग तिने हळूच मान वळवली. माझ्याकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. (त्या टेपमध्ये पहिल्या ठोक्यापासून पॉलीन आहे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर!)

ती काही बोलणार एवढ्यात सगळे ड्रम थांबले. कोअर दुभंगलं आणि मधून एकटी केतकी पुढे आली. सरावात मी कायम तिच्या मागे, ड्रमच्या आड. तिला सोलो वाजवताना मी एकदाही समोरून बघितलं नव्हतं. तिने बिगूल वर केलं. बाथरूममध्ये घुसमटलेला तो सूर उघड्या आकाशाखाली असा काही गेला की स्टँडमधला खोकलासुद्धा थांबला. वैशालीने माझा हात धरला, काठीसकट. मला रडू येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

सोलो संपला, सगळं कोअर एकदम उसळलं, झेंडे, बिगुलं, झांजा, मैदान नुसतं पेटलं. मी उठून उभा राहिलो आणि मोजायला लागलो. शेवटचा सूर कापला गेला. शांतता. मैदानाच्या कडेला रॉन तोंडावर हात ठेवून उभा होता.

मी दिला ठोका. स्टँडमधून.

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांचा चहा उडाला. कोअरमधल्या एकानेही मान वळवली नाही, तशी शिस्तच असते. पण केतकीचं बिगूल किंचित हललं, आणि मग लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. बहुतेकांना तो शोचाच भाग वाटला. ज्यांनी मला जिन्यात पाहिलं होतं ते जास्तच जोरात वाजवत होते.

नंतर कार पार्कमध्ये केतकी तरातरा माझ्याकडे आली. चेहरा लालबुंद.

"बाबा, तू कुठे होतास?"

"स्टँडमध्ये."

ती थांबली. "मग तू माझी सोलो बघितला?"

"बघितला."

"समोरून?"

"अगदी समोरून."

तिने जरा विचार केला. "ओके," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "देन इट्स फाइन."

निकाल लागला. आम्ही शेवटून दुसरे आलो. एवढं यश कोअरने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. रॉनने डोळे पुसले, पॉलीनने मला मिठी मारली आणि बसमध्ये नुसता जल्लोष झाला. मला वाटलं, आता सगळे सगळं विसरले.

तेवढ्यात रॉनने बसच्या प्लेयरमध्ये एक कॅसेट घातली. मैदानात फिरणाऱ्या परीक्षकाचं बोलणं असलेली टेप ते प्रत्येक कोअरला देतात, सुधारणा करायला. सुरुवात फार चांगली होती. सूर भरघोस आहे, उत्साह छान आहे. मग तो म्हणाला की कडेचा मोठा ड्रम माझ्या जरा जवळ आलाय. मागून धम. "मी डावीकडे होतोय," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "तोही होतोय." धम. मग नुसतं धापा टाकणं, पावलांचा आवाज, आणि मागे, न चुकता, ठेक्यात, धम, धम. सगळी बस सीटवरून खाली घसरली होती. केतकी तर खिडकीला डोकं टेकून हसत रडत होती.

शेवटी माझे ठोके लांब लांब जात बोगद्यात विरले. परीक्षकाने एक दीर्घ श्वास घेतला. थोडा वेळ ऐकलं. आणि मग अतिशय समाधानी आवाजात म्हणाला, "हं, आता ड्रम एकदम स्वच्छ वाजतायत. आत्ता तुम्ही जो काही बदल केलात ना, तो तसाच ठेवा."

कोअरने तो सल्ला आजतागायत पाळलाय.