चार दिवस

शेजाऱ्यांच्या बाथरूमचं काम निघालंय आणि ओल्या सिमेंटचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतोय. बाबांना मोरीचा कठडा ओलांडवेना म्हणून मी फतेगंजच्या या घरातली मोरी फोडून घेतली, तेव्हा हाच वास घरभर होता. पादरा गावच्या गवंड्याने जुन्या भिंतींना छिन्नीने टोचे पाडले, म्हणजे टाइल्स पकड घेतात, आणि खाली सिमेंटवर शॉवरखाली उभं राहायचा बसका ट्रे बसवला. सगळं संपवून जाताना म्हणाला, “चार दिवस अंदर कोई पग ना मूके, भाई. ट्रे हली जशे.” आत पाय पडला तर ट्रे हलेल म्हणे. बाबा रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून खुर्चीत बसत. “वाळलं का रे?” “अजून ओलं आहे, बाबा,” असं म्हणून मी ओल्या पंच्याने त्यांचं अंग पुसून देई. तिसऱ्या दिवशी सकाळी असंच टाळून मी चहा ठेवायला गेलो आणि ते खुर्चीतच गेले. संध्याकाळी स्मशानातून आलो तो थेट आंघोळीला शिरलो, आणि डोक्यावर पाणी पडल्यावर आठवलं, चौथा दिवस अजून उजाडायचा होता. ट्रे जागचा हलला नव्हता. अजूनही पाय ठेवताना मी तो दाबून बघतो. बाबांचं वजन तर माझ्या निम्मंही उरलं नव्हतं.