सारिकाचा गॉगल

किस्से गोळा करायला आपण कुठे जात नाही हो, ते चपला बाहेर काढून आपणहून दवाखान्यात येतात. पाथर्डीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी पेशंटचे चष्म्याचे नंबर तपासतो. माझे निम्मे किस्से एकट्या सारिकाचे!

सारिकाला जन्मजात, क्वचितच कुणाला होणारा आजार. उन्हाने कातडीचं, डोळ्यांचं जे नुकसान होतं, ते तिच्या शरीराला भरून काढता येत नाही. डावं बुबुळ पांढरं पडलंय. उरलाय तो उजवा डोळा. म्हणून स्कार्फ, टोपी आणि बाजूनेही बंद असलेला गॉगल.

*

पहिल्यांदा आली तेव्हा कुजबुज झाली, "डोळे आल्यात पोरीला, सरका!" बघता बघता अख्खा बाक रिकामा! सारिका खिडकीपासून लांबच्या टोकाला ऐसपैस बसली. मला म्हणाली, "सर, दर वेळी असंच सांगत जा सगळ्यांना!"

*

तिच्या मावशीचं निदान तयार होतं. "ल्हानपनी कवळं ऊन दिलं न्हाई, म्हनून झालं. आता रोज द्या!"

डॉक्टरांनी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. मावशीने मान डोलावली. "समजलं. म्हंजी दुपारचं न्हाई द्यायचं!"

*

एकदा पाहुणे बघायला आले. आजाराचं आधीच सांगितलेलं. तरी मुलाचे मामा म्हणाले, "मुलगी जरा अंगणात आना, नीट दिसू द्या."

आतून सारिका म्हणाली, "मुलालाच आत आना. मलाबी नीट दिसू द्या!"

पाहुणे पोहे खाऊन गेले.

*

आणि तो कार्यक्रम! 'दृष्टी वाचवा' म्हणून गॉगलवाटप, भर दुपारी, उघड्या मैदानात. मांडव फक्त स्टेजपुरता. गॉगल वाटणारे साहेब उशिरा आले. सारिका छत्रीखाली ताटकळली आणि मी तिच्या शेजारी चडफडत उभा.

तिचं नाव पुकारलं. साहेब मांडवाच्या कडेला आले, ती खाली उन्हात. फोटोग्राफर ओरडला, "ताई, छत्री मिटा! जुना गॉगल काढा, साहेब नवा घालतील!"

"अहो, तिचा एकच डोळा राहिलाय!" मी ओरडलो, पण स्पीकरपुढे माझं कोण ऐकतंय? साहेबांनी तर हातही पुढे केला.

सारिकाने त्यांचं मनगट धरलं. "साहेब, आदी तुमचा काढा. तुमी तर सावलीत हाय!"

साहेबांनी आपल्या काळ्या गॉगलला हात लावला. मग इकडेतिकडे बघून हात खाली घेतला.

फोटो दोघांच्या गॉगलसकट निघाला. डॉक्टरांनी तो वेटिंगमध्ये लावलाय. नवा पेशंट हमखास विचारतो, "यातला आजारी कोन?"