वासूचं थंड डोकं

दिग्गी गावचा वासू म्हणजे तापट माणूस. कुणी वाकडा शब्द बोललं की याचा पारा चढलाच. पण नाचणी कुठल्या उतारावर पेरायची, रानातून कुठली वाट धरायची, यात त्याचा अंदाज कधी चुकत नसे. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "मन सांगतंय." याहून जास्त कारण त्यानं कधी दिलं नाही आणि कुणाला लागलंही नाही.

मग अस्वलानं त्याचं कपाळ फोडलं. बायको देवकीनं तीन महिने पाला वाटून जखम भरून काढली. वासू उठला, हिंडू लागला, बोलू लागला. राग मात्र गेला तो गेलाच. "देवानं डोकं थंड केलं त्येचं," लोक म्हणाले. लोकांना काय जातंय म्हणायला! हसूही गेलं होतं, ते एकट्या देवकीला ठाऊक. मुडलीचे कंद निघाले तेव्हा बियाण्याला कुठले ठेवायचे आणि खायला कुठले, हे ठरवत तो दिवसभर खळ्यात बसून राहिला. एकेका कंदाचे गुणदोष अगदी बरोबर सांगायचा, निवडायचा एकही नाही. शेवटी देवकीनंच दोन ढीग केले आणि शेजारणीला सांगितलं, ह्यांनीच केले. तिला नवऱ्याची अब्रू झाकायची होती.

श्रावणात सहा वर्षांच्या फुलाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती आईलाही ओळखेना. कॅसलरॉकला रेल्वेचा डॉक्टर होता. वासूनं लेकीला कांबळ्यात गुंडाळून पाठीशी बांधलं आणि दोघं उजाडताच निघाली. देवकी त्या बाजूला कधी गेली नव्हती. वाटा वासूलाच माहीत.

किंदळाच्या झाडापाशी वाट फुटली. वासू थांबला.

"वरल्या वाटंनं लवकर पोचू, पर व्हाळाला पानी असंल. खालच्या वाटंला पानी न्हाई, पर लांब हाय."

"मग कुटली धरायची?"

"वरली चढाची हाय. खाली जळवा हायत."

"अवो, पोर जळतीया! काय ते ठरवा की!"

"तेच बगतोय," तो शांतपणे म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. सगळं खरंच होतं, एक शब्द चुकीचा नव्हता. भलत्या वाटेला लागून रानात हरवू, या भीतीनं देवकीचे पाय उचलेनात. आता म्हणतील, मन सांगतंय, म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ऊन डोक्यावर आलं. तेव्हा कुठं तिनं पोर हिसकावून घेतली आणि खालच्या वाटेनं धावत सुटली.

दुसऱ्या वळणावर फुला गार पडली.

वासू मागून आला. त्यानं लेकीचं मनगट चाचपलं. "गेली," म्हणाला. देवकीनं त्याच्या छातीवर मुठी आपटल्या.

"रडा वो! एकदा तरी रडा!"

"रडून काय व्हनार?" त्यानं विचारलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

मागून चालताना देवकीला स्वतःचीच चीड आली. ते दोन ढीग कुणी केले हे तिनं लपवलं नसतं, तर आज वाट ठरवायला शेजारचं कुणी सोबत असतं. पुढं फुलाला पाठीवर घेऊन वासू चालला होता. घराकडं वाट एकच होती. तो कुठंही थांबला नाही.