चप्पल पायातच राहू द्या

डॉक्टरकी शिकणारी माणसे अवघड बोलतात असा माझा अनुभव होता, आणि मला तो मान्यही होता. विद्या अवघड दिसल्याशिवाय तिला मान कसा मिळावा? मेंदूवालीने हा नियम मोडला. मेंदूच्या लहरींवर संशोधन करणारी ही मुलगी आमच्या हिमायतनगरच्या बाजारात अशी बोले, की भाजीवालीने तराजू खाली ठेवून ऐकावे. माझ्यासाठी भाजीवालीने तराजू कधी खाली ठेवलेला नाही.

ती तहसीलसमोरच्या बांगडीवाल्यांची लेक. लातूरला शिकवणी लावून नांदेडला डॉक्टरीला लागली. मी सातवीपर्यंत शिकलेला. परंतु लिंबाखाली बसून अर्ज लिहिण्यात उभी हयात घालवली. कोणाला काही उमजेनासे झाले, की तो माझ्याकडे येई. मेंदूवाली सुट्टीत आली, की तिच्याकडे जाई. ती सुट्टीतही फेफऱ्याचे रोगी शोधत हिंडे. झटक्याआधी काय दिसते, कसला वास येतो, हे विचारून घेई. लोक तिला घरातलेही सांगत.

तिच्या वसतिगृहात पाणी येईना, तेव्हा मुलींनी तिलाच पुढारी केले. अर्ज तिने स्वतः लिहिला. मी मुद्दाम पाहायला मागितला. अवघ्या चार ओळी! ‘सविनय सादर’ नाही, ‘आपली आज्ञाधारक’ नाही.

“अगं, मायना कुठाय?”

“मुन्शीकाका, मायना संपायच्या आत साहेब उठून जातात.”

पाणी आले. माझ्या मायन्याला तिने असे म्हणावे आणि वर पाणीही यावे, हे मला आजतागायत पचलेले नाही.

बाजारात फेफऱ्यावर बोलण्याआधी ती भाषण मला ऐकवी. “तुम्हाला समजलं तर समद्यांना समजंल,” म्हणे. ही स्तुती आहे, असे तिच्या अब्बांचे मत. मी एकदा ‘फिट’ऐवजी ‘मज्जातंतूंचा विद्युत्क्षोभ’ असा शब्द सुचवला. ती पोट धरून हसली. “लई भारी हाय, काका! पण आमच्या मॅडमलाबी कळायचा न्हाई.”

एकदा इस्लापूरकडचे एक म्हातारे सुनेला घेऊन आले. तिला फेफरे येई, म्हणून कायमची माहेरी धाडण्याचा कागद त्यांना करून हवा होता. मी मजकूर सुरू केला, तोच सून माझ्यासमोर कोसळली. गर्दी जमली. मी रीतीप्रमाणे चप्पल काढली; फेफऱ्याला चप्पल हुंगवावी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“काका, चप्पल पायातच राहू द्या!” मेंदूवाली दुकानातून धावत आली. तिने सुनेला कुशीवर वळवले, माझी बसायची उशी तिच्या डोक्याखाली सारली आणि झटका किती वेळ टिकतो ते मोजायला मला घड्याळ पाहायला लावले. भर तहसीलसमोर मी नुसता घड्याळ धरून उभा!

झटके थांबल्यावर म्हातारा पुटपुटला, “बाहेरचं हाय, माय.”

“बाहेरचं न्हाई बाबा, आतलं हाय. घरातला बल्ब लुकलुकला तर घर पाडता का? वायरिंग बघून घेता. हिलाबी गोळ्या लागतेत. नांदेडला आणा, मी हाय तिथं.”

म्हाताऱ्याने सुनेच्या डोक्याखालची उशी नीट केली. मग मला म्हणाला, “मुन्शी, फाडा तो कागद.”

माझ्या हातचा कागद माझ्याच हाताने फाडण्याची वेळ पूर्वी कधी आली नव्हती. चार वाक्यांत तिने जे केले, ते माझ्या दोन पानी अर्जांनी क्वचितच केले असेल.

पुढे ती संशोधनासाठी बंगळूरला गेली. निघताना सलाम करायला आली. “काका, माझ्यामागं आता तुम्हीच सांगायचं.” मला का सांगतेस, असे मी म्हणालो, पण ते तिने मनावर घेतले नाही.

परवा बाजारात एक हमाल पडला. कोणीतरी चप्पल काढली. “चप्पल पायातच राहू द्या!” मी गरजलो. हमालाला कुशीवर वळवले, डोक्याखाली पोत्याची उशी दिली, घड्याळ धरले. भाजीवालीने तराजू खाली ठेवला. हा क्षण माझा होता.

एवढ्यात ती शेजारणीला म्हणाली, “मेंदूवालीचं बोलणं हाय ते. मुन्शीलाबी बरं जमलं.”

हमाल शुद्धीवर येईपर्यंत मी घड्याळावरची नजर काढली नाही.