मागनं म्हणणारी

हेडफोन कानावर चढवले की मावशी आधी डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि मग एक बोट वर करून मला गप्प करायची. "थांब रं. ती म्हनतेय." खोलीत आम्ही दोघंच असायचो. मी कितीही कान टवकारले तरी मला पंख्याची घरघर आणि घाट चढणाऱ्या ट्रकचा गिअर, एवढंच ऐकू यायचं.

तुम्ही म्हणाल, म्हातारीच्या कानात दोष असेल. मीही आधी तेच म्हणालो होतो. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी घेऊन बसणारी मावशी मागच्या रस्त्यावरचा टेंपो नुसत्या आवाजावरून ओळखायची, कुणाचा आणि भरलेला की रिकामा तेही सांगायची. कान माझ्यापेक्षा तिखट होते बाईचे.

मी साजगावच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. पाळी संपली की खोपोलीतल्या घराच्या मागच्या खोलीत लॅपटॉपवर हळदीची गाणी तयार करतो. बायको तिला 'अडगळीची खोली' म्हणते, मी स्टुडिओ म्हणतो. एके दिवशी दुपारी ढोलाचा ठेका जुळवत बसलो होतो, तर दारात मावशी, काखेत रिकामी पाटी.

"कोन मेलंय म्हनून बडवतोस रं एवडं?"

"मावशी, हळदीचं गाणं आहे."

"हलदीचं? ह्या गान्यानं हलद लावली तर पोर काळी पडल." आणि पाटी खाली ठेवून तिनं तिथल्या तिथं एक धवला म्हटला. मी ठेका बंद केला आणि खुर्चीवर सरळ होऊन बसलो.

आमच्याकडच्या लग्नात भटजी मंत्र म्हणतो आणि धवलारीण धवले म्हणते. देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलवायचं, हळद लावायची, नवरी पाठवायची, सगळं तिच्या गाण्यावर चालतं. धवलारणी नेहमी जोडीनं म्हणतात. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं मागून उचलायची. मावशीची जोडीदारीण बावीस वर्षांपूर्वी वारली होती. तेव्हापासून मावशी एकटीच म्हणायची, आणि अलीकडे तर तिला कुणी बोलवतही नव्हतं. माझ्यासारख्यांचे डीजे वाजतात ना!

मी तिला माइकसमोर बसवलं. माइक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक डबा लागतो, त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. आवाज त्याच्यातून आत जातो आणि त्याच्यातूनच हेडफोनमध्ये परत येतो. माझा डबा जुना, कुणीतरी वापरून टाकलेला. त्यातून आवाज यायचा तो थोडा उशिरा, तुम्ही बोललात की मागोमाग तुम्हीच. नवशिके गायक त्यानं हैराण होतात.

मावशीनं एक ओळ म्हटली आणि अर्ध्यात थांबली. हेडफोन काढले. उठून दाराच्या मागं बघितलं, मोरीत डोकावली.

"कोन हाय तिकडं?"

"कुणी नाही. तुमचाच आवाज आहे, जरा उशिरा येतो."

"माज्या आवाजाला मी वळखत नाय व्हय? सत्तर वरसं ऐकतेय." तिनं पुन्हा हेडफोन चढवले, दोन्ही हातांनी दाबून धरले, आणि डोळे मिटून एक आख्खा धवला म्हटला. संपल्यावर हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "तीच हाय. तशीच मागनं येतेय. माजी ओळ सरायच्या आत उचलायची ती. नेमी तसंच."

माझ्या अंगावर काटा आला, आणि मग रागही आला. समजावून समजावून हात टेकले. पण तिला समजून घ्यायचंच नव्हतं. पुढं पुढं तर ती गाण्याआधी माइकमध्ये गप्पा मारायची. "काय गं, जेवलीस का?" हेडफोनमधून मागोमाग येणार, 'जेवलीस का?' त्यावर मावशी खुशीत, "जेवले गं. माठाची भाजी आन् भाकर." एखाद्या बाईनं फोनवर बहिणीशी बोलावं तसं चालायचं. बायको चहा घेऊन आली की कप ठेवून उभ्या उभ्याच परत जायची. ती खोलीत थांबत नसे.

एक गाणं मात्र मावशी म्हणत नव्हती. पाठवणीचं. त्यात पहिलीनं विचारायचं आणि दुसरीनं उत्तर द्यायचं. मावशीला फक्त प्रश्न येत होते. उत्तरं जोडीदारणीची, ती तिच्याबरोबर गेली.

"मग तुम्ही एकटीनं काय करता?"

"नुसतं इचारते. आपलं इचारायचं न् फुडं जायचं." मग तिनं खालमानेनं सांगितलं, "माज्या लेकीला तसंच लावून दिलं. जोडीदारीन मेली त्याच्या दुसऱ्या म्हैन्यात लेकीचं लगीन व्हतं. अर्धी पाठवनी झाली. अर्धी पाठवनी झाली का पोर अर्धी हितंच ऱ्हाते रं. वरीस भरायच्या आत लेक परत आली, पोटात पोर घेऊन. तवापासनं माज्या घरात हाय."

त्या पोटातल्या पोरीचं आता वैशाखात लग्न होतं. तेवढ्यासाठी मावशीला पाठवणी पुरी पाहिजे होती. तिला दमा होता, मांडवात उभं राहून म्हणण्याइतका श्वास पुरेल याची खात्री नव्हती. "तुज्या डब्यात भरून ठेव. मी खपले तर तो म्हनल."

पण चार भिंतींत पाठवणी म्हणायची नाही, वर मांडव पाहिजे, ही तिची अट. तिचं घर चौक गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात. तिनं अंगणात चार बांबू रोवून वर जांभळीचे डहाळे टाकलेही. तिथं दुपारी हटकून लाइट जाते, आणि माझ्या जुन्या डब्याला भिंतीतली वीज लागते. तेव्हा मी नवा, पिशवीत मावणारा, लॅपटॉपच्याच वायरीवर चालणारा डबा घ्यायचं ठरवलं.

आता काय सांगू तुम्हाला! नवरी बघायला निघालेल्या मुलाची आई परवडली. एका माइकचा घ्यावा की दोन? हळू आवाज उचलेल का? लॅपटॉपची बॅटरी किती खाईल? जेवताना माझं तेच, पाळीवर तेच. शेवटी बायको म्हणाली, "घ्या नाहीतर मी घेते." मी दोन माइकचा घेतला. अंगठ्याएवढ्या बटणांचा, देखणा. गायकाचा आवाज त्याच क्षणी त्याच्या कानात, उशीर म्हणून नाही. मागची खरखर शून्य.

मावशीनं अंगणातल्या मांडवाखाली हेडफोन चढवले, एक ओळ म्हटली आणि काढून माझ्या मांडीवर ठेवले.

"ह्याच्यात कुनी नाय. रिकामा हाय हा डबा."

मी चिडलो. मग मनाशी म्हटलं, थांब म्हातारे, तुला उशीरच पाहिजे ना? लॅपटॉपमध्ये खटपट करून तेवढाच उशीर आणला, मोजून. तिला कळूही दिलं नाही. तिनं पुन्हा ऐकलं, चेहरा आक्रसला आणि हेडफोन असे ओढून काढले की पदरही सुटला.

"ही ती नाय. ही कोन नक्कल करतेय? काढ तिला आदी."

भर दुपार होती, समोर कोंबड्या दाणे टिपत होत्या, आणि मला घाम फुटला. मी मुकाट्यानं सगळं आवरलं.

दुसऱ्या रविवारी जुना डबा, त्याच्यासाठी इन्व्हर्टर आणि दोघांनी उचलावी लागते अशी बॅटरी, हे सगळं टेंपोत घालून नेलं. माझा पिशवीत मावणारा स्टुडिओ असा टेंपोतून गेला. मावशीनं लेकीला आणि नातीला शेजारच्या गावी पाठवून दिलं होतं. "मांडवाच्या आदी पोरीच्या कानावर पडायचं नाय," तिनं मला बजावलं. मी शब्द दिला आणि तो पाळला.

तिनं पहिला प्रश्न म्हटला: "नवरी निघाली दारातनं, मागं काय गं ठेवलं?" आणि थांबली. बोट वर. आपण समोरच्याचं बोलणं ऐकताना मान हलवतो तशी मान हलत होती. मग दुसरा प्रश्न. पुन्हा थांबली. कुठं थोडंच थांबायची, कुठं बराच वेळ. लॅपटॉपवर मला दिसत होतं, तिच्या ओळींच्या मध्ये सपाट रेघ, म्हणजे आवाज शून्य. त्या डब्यातून तिचीच ओळ तिला परत ऐकू येणार, फार तर तेवढीच. पण ती रेघ सपाट असतानाच ती मान हलवत होती. एकदा तर तिचे डोळे भरून आले.

शेवटच्या प्रश्नानंतर ती इतकी थांबली की मला वाटलं, झालं बहुतेक. आणि एकदम हसली. तोंडाला पदर लावून, पोरीसारखी.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं. विचारताना मला काहीच विचित्र वाटलं नाही, हे मला आज विचित्र वाटतं.

"शेवटचं ती नवरी बघून म्हनायची. दर पोरीला नवं. चिमटा बी काढायची न् शाना सल्ला बी द्यायची."

"मावशी, उत्तरं सांगा ना. तुमच्याच आवाजात घेतो, म्हणजे गाणं पुरं होईल."

"तिच्या तोंडचं मी कशी घेऊ? ते तिचं हाय. आन् शेवटचं पोरीचं हाय, मांडवात तिच्या कानात सांगीन."

"पण रेकॉर्डिंगमध्ये नुसत्या मोकळ्या जागा राहिल्यात!"

"मंग? जागा ठेवली म्हंजे कोन तरी बसल."

माघात मावशी गेली. दम्याचं निमित्त. मी तिच्या गावी गेलो तेव्हा तिचं सगळं आटोपलं होतं, आणि अंगणातले बांबू तसेच उभे होते. मला फार वाईट वाटलं. मी एवढ्या मोठमोठ्या आवाजाची गाणी करणारा माणूस, घरी येऊन पंधरा दिवस लॅपटॉप उघडला नाही. उघडला तेव्हा त्या मोकळ्या जागा सारख्या करून टाकाव्यात, असं मनात आलं. काही फार लांब होत्या, ऐकताना दम कोंडायचा. म्हातारीला धाप लागली असणार, असं मी धरून चाललो. पण हात धजला नाही, तसंच ठेवलं.

वैशाखात तिच्या लेकीचा फोन आला. "दादा, आयनं भरून ठेवलंय ते घेऊन या. माज्यासारखं तिचं व्हायला नको." मी जुनाच डबा नेला.

पाठवणीच्या वेळी उन्हं कलली होती. नवरी उंबऱ्यात उभी, तिची आई खांबाला धरून. डीजेवाल्या पोरांना मी गप्प बसवलं आणि सुरू केलं. स्पीकरमधून मावशीचा आवाज आला तशा बायका एकदम हलल्या. "नवरी निघाली दारातनं, मागं काय गं ठेवलं?" आणि मोकळी जागा. कुणाचं तरी तान्हं रडलं. मला वाटलं, आपण हे काय करून बसलो! माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

दुसरा प्रश्न झाला, आणि मागच्या बाजूनं एका म्हातारीनं थरथरत उत्तर दिलं. तिसऱ्याला तिघी-चौघी. मग पन्नाशीच्या पुढच्या सगळ्याच. बावीस वर्षांपूर्वीपर्यंत दर लग्नात ऐकलेलं, त्यांच्या कानात होतंच. मावशी जिवंत असताना तिच्या गाण्यात तोंड घालायची कुणाची टाप नव्हती, आणि ती जागाही ठेवत नव्हती. पहिलं राहून गेलेलं उत्तरही त्यांनी मावशीच्या पुढच्या प्रश्नावरच म्हणून टाकलं, "हलदीचं बोट भिंतीला, तेवडंच मागं ठेवलं."

मी हेडफोन लावून डब्याशी बसलो होतो आणि स्क्रीनवरची रेघ बघत होतो. छोटी ओळ तिथं छोटी जागा. लांब ओळ तिथं लांब. बायकांचं उत्तर संपायचं आणि लागलीच मावशीचा पुढचा प्रश्न. धाप कुठली न् काय! ज्या ओळी तिला येत नव्हत्या, त्या बरोब्बर मावतील एवढ्या जागा तिनं सोडल्या होत्या.

मग शेवटचा प्रश्न आला, "येशीपातुर पोचवली, आता काय गं सांगशील?" बायका थांबल्या. ते दर नवरीला नवं असायचं, कुणाला येणार? मला माहीत होतं, ही सगळ्यांत लांब जागा, अकरा सेकंद. मी घरी मोजली होती. नवरीची आई डोळे मिटून उभी होती. मी स्क्रीनवर सेकंद बघत होतो, सात, आठ, नऊ.

दहाव्याला नवरी हसली. मान खाली होती तिची, तोंडाला शेला लावून खुदकन हसली. आणि त्यानंतर, अकराव्याला, स्पीकरमधून मावशी हसली.

नवरीनं उंबरा ओलांडला. मागं वळून न बघता ती गाडीपर्यंत गेली, आणि आजतागायत सुखानं नांदतेय. तिनं काय ऐकलं, ते मी तिला विचारलेलं नाही. ते पोरीचं आहे.