लसणाचे शंकरपाळे

आमच्या धुळ्याच्या गल्लीत पाच घरांचा दिवाळीचा फराळ मिळून एकाच कढईत तळला जायचा, आणि त्या कढईसमोर झारा घेऊन कोणी बसायचं, हा प्रश्न नगरपालिकेच्या निवडणुकीपेक्षा मोठा होता. निवडणूक निदान अधूनमधून व्हायची. झारा वीस वर्षं अक्कांच्याच हातात होता.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊ. शेजारच्या घरात एकट्या राहायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. वर्षाचे बाकी दिवस त्यांना कोणी फारसं काही विचारत नसे. पण दिवाळीच्या आधीचे चार दिवस त्या पाटावर बसत आणि गल्लीतल्या बायका त्यांच्यासमोर कचेरीत अर्ज घेऊन उभं राहावं तशा कच्च्या करंज्या घेऊन उभ्या राहत. सासूबाई या सगळ्या काळात लाटत. वीस वर्षं हात पोळपाटावर आणि डोळा झाऱ्यावर.

मी जळगावहून लग्न होऊन आले ती सत्तर सालाच्या आसपास. तेल मिळायची मारामार होती, म्हणून तळून उरलेलं तेल फडक्यातून गाळून पुन्हा वापरायचं. त्यासाठी दोन डबे होते, एक गोडाच्या तेलाचा आणि एक तिखटाच्या. दोन्ही डबे एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी, एकाच माणसाने ठोकल्यासारखे. मी आल्या आल्या माहेरची हुशारी पाजळली. म्हटलं, तिखटाच्या डब्याला लाल दोरा बांधूया का?

अक्कांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाक कशाले दिधं देवनी? नथ घालाले?"

बायका हसल्या. दोऱ्याचा विषय संपला.

नाकाला एवढा मान असायचं कारण म्हणजे देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत फराळातला एक तुकडाही कोणी जिभेला लावायचा नाही, असा कडक नियम होता. मीठ किती, साखर किती, कच्चं की करपलेलं, सगळं डोळ्यांनी, कानांनी आणि नाकाने ओळखायचं. अक्का दारातूनच सांगत, मोहन कमी पडलंय, आणि पडलेलं असे. त्यांच्या नाकाचा आमच्या गल्लीत असा दबदबा होता की पुरुष बिडी ओढायची तर दोन गल्ल्या ओलांडून जात. त्याच नाकात त्या स्वतः मात्र दिवसातून दहादा तपकीर कोंबत, हा भाग वेगळा.

त्या वर्षी आदल्या दिवशी अर्धी शेव झाली होती. खानदेशातली शेव म्हणजे लसूण आणि मिरची, आणि धरून ठेवायला थोडं बेसन. दुसऱ्या दिवशी दुपारी गोड्या शंकरपाळ्यांची पाळी. अक्का आल्या, पाटावर बसल्या, एका डब्याचं झाकण उघडलं आणि वास घेतला. डोळे मिटले, मान मागे टाकली, नाकपुड्या फुलवल्या. मी शाळेच्या स्नेहसंमेलनात तीन वर्षं नाटकात काम केलेलं. वास घेणं वेगळं आणि वास घेतल्याचं दाखवणं वेगळं, एवढं मला कळतं. मरणाऱ्या राजाचं काम करताना मीही असेच डोळे मिटले होते.

"हाई गोडनं तेल शे," अक्का म्हणाल्या आणि तेल कढईत ओतलं.

मी कातण्याने शंकरपाळे कापून, परातीत भरून कढईपाशी नेऊन देत होते. पहिला घाणा पडला आणि कढईतून लसणाचा लोट वर आला. तेलावर मिरचीचा एक लाल कण गिरक्या घेत होता, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा मजेत. इतर कोणालाच काही जाणवलं नाही, कारण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उरलेल्या शेवेसाठी लसूण-मिरची कुटणं चालूच होतं. सगळं अंगणच दरवळत होतं.

मी हळूच म्हटलं, "अक्का, तेलाला जरा वास येतोय का?"

"तेलले तेलनाच वास येई. जळगावले काय अत्तरमा तळतस?"

पुन्हा हशा. आता मी चांगल्या घरची सून असते तर गप्प बसले असते. पण माझ्या अंगात खोडी फार. मी कुटणाऱ्या बाईजवळून लसणाची ठेचलेली पाकळी उचलली, मुठीत धरली, आणि अक्कांचा पदर सावरायच्या निमित्ताने वाकून मूठ त्यांच्या नाकाखाली नेली. दोन बोटांचं अंतर. एवढ्या अंतरावरून माणूसच काय, फोटोतला माणूसही शिंकला असता.

अक्का प्रसन्न हसल्या. "गजरा लाया का व पोरी? मस्त वास शे."

मी गजरा माळला नव्हता. अक्कांची नजर माझ्या केसांकडे गेली, रिकाम्या अंबाड्यावर थांबली, मग माझ्या मुठीवर आली. झारा तेलात तसाच राहिला. शंकरपाळे बदामी होऊन तपकिरी व्हायला लागले, वीस वर्षांत पहिल्यांदा.

"तपकीरनी खादं मनं नाक," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मलाच जेमतेम ऐकू आलं. "दोन वरीस झायात."

मग त्यांनी सासूबाईंच्या पाठीकडे पाहिलं. बस, तेवढंच. पण मला सगळं समजलं. बिननाकाच्या बाईकडे झारा कोण ठेवणार? आणि झारा गेला की अक्कांना वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस कोणी काही विचारणार नव्हतं. मी परात ठेवली आणि पुढचे शंकरपाळे कापायला गेले. अक्कांनी पुढचे घाणे तळले. डबा भरला.

सासूबाईंनी ताटलीत शंकरपाळे घेऊन देवाला नैवेद्य दाखवला. देवाच्या आयुष्यात लसणाचं गोड पहिल्यांदाच आलं असणार. त्याने तोंड वाकडं केलं नाही, किंवा केलं असेल तर समईच्या उजेडात दिसलं नाही.

इथवर ठीक होतं. पण आमच्याकडची रीत अशी की नैवेद्यानंतरची पहिली ताटली समोरच्या शेठाणींकडे जायची. ते जैन मारवाडी, कापडाचं दुकान. कांदा-लसूण त्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नसे, म्हणून आमच्याकडची शेव त्या कधी घेत नसत. पण आमचे शंकरपाळे विश्वासाने घेत आणि ताटली मठरी भरून परत पाठवत. सासूबाईंनी ताटलीवर विणलेला रुमाल घातला आणि माझ्या हातात दिली.

"जा, शेठाणींना देऊन ये."

मी जागची हलले नाही. पाय घसरल्याचं नाटक करून ताटली पाडावी, असा विचार केला. पण मग दुसरी भरून मिळाली असती, त्याच डब्यातून. त्या बाईच्या तोंडात तिच्या धर्माला न चालणारी गोष्ट फसवून घालणं माझ्याच्याने होणार नव्हतं. आणि खरं बोलावं तर अक्का पाटावर हातातल्या झाऱ्याकडे बघत बसलेल्या.

"आई, हे त्यांना चालणार नाही," मी म्हटलं. "मी पिठात लसूण घातलाय."

कुटणं थांबलं.

"कशाच्या पिठात?" सासूबाई.

"शंकरपाळ्यांच्या. आमच्या जळगावला घालतात."

"गोड्या शंकरपाळ्यांत?"

"किंचित. गोड पचायला जड असतं ना." एकदा सुरुवात केल्यावर मला थांबता येत नाही. "आणि केळीच्या बागांमुळे आमच्याकडे हवा दमट. लसूण नसला तर बाधतं."

सासूबाई पिंपळनेरच्या. जळगावबद्दल त्यांचं मत आधीच फार चांगलं नव्हतं. "आणि श्रीखंडात काय घालता? कांदा?"

"तो जावई आला तरच," मी म्हटलं.

कोणीतरी पदरात तोंड खुपसलं. एक शेजारीण काळजीने म्हणाली, "पण देवाला तर दाखवून झालं."

सगळ्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. तेव्हा अक्कांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "देव काही बोलना का? नही ना? मंग बठ्ठ्या चूप बसा."

शेठाणींसाठी दुसऱ्या दिवशी कढई राखेने तीनदा घासून, नवं तेल घालून नवे शंकरपाळे तळले. मी ताटली घेऊन गेले तर त्यांनी मला दारातच निरखून पाहिलं. "तूच का ती लसूणवाली बहू?" बातमी शंकरपाळ्यांच्या आधी पोचली होती. मठरी मात्र त्या वर्षी त्यांनी दुप्पट दिली, बहुधा माझी दया येऊन.

लसणाच्या शंकरपाळ्यांचा डबा चार दिवसांत संपला. पुरुष चहाबरोबर मुठी भरभरून खात आणि जळगावला नावं ठेवत. पुढे पिंपळनेरच्या कोणी बाईने कृती विचारली, तीही मी गंभीर चेहऱ्याने सांगितली. हे सगळं माझ्या आईच्या कानावर गेलं तेव्हा तिने पत्रात एवढंच विचारलं, की आपल्या घरात हे कोणी आणि कधी केलं?

त्यानंतर दरवर्षी अक्का मला आपल्या पाटाशेजारी बसवून घेत. कारण असं सांगत की या जळगाववालीवर नजर ठेवायला हवी, ही कशातही लसूण घालेल. अक्का डबा उघडत, डोळे मिटत, मान मागे टाकत. त्यांचं कोपर माझ्या गुडघ्याला टेकलेलं असे. गोडाचं तेल असलं की मी एक ढुशी द्यायची, तिखटाचं असलं की दोन. मग त्या निकाल सांगत. सात वर्षांत एकदाही चूक झाली नाही. नाकाची कीर्ती उलट वाढली.

मग अक्कांचे गुडघे गेले. त्या दिवाळीला त्या पाटावर बसू शकल्या नाहीत, खाटेवर बसल्या आणि झारा हातात धरून सगळ्यांकडे पाहत राहिल्या. अंगणात कोणी लाटेना, कोणी कापेना. खोटं कशाला बोलू, मी हात पुसून तयार होते.

अक्कांनी झारा सासूबाईंना दिला.

माझं तोंड कसं झालं असेल ते मला सांगता येणार नाही. सासूबाई पाटावर बसल्या. सत्तावीस वर्षांनी बसल्या, त्यामुळे जरा सावकाश बसल्या. मला म्हणाल्या, "तू कुठे चाललीस? इथे बस." मी फुगून शेजारी बसले. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, डोळे मिटले, मान मागे टाकली.

आणि त्यांचं कोपर अलगद माझ्या गुडघ्याला येऊन टेकलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेलेच होते. ओठाचा एक कोपरा तेवढा हलत होता. खाटेवर अक्का तपकिरीची डबी उघडत होत्या, आमच्याकडे मुळीच न बघता.

तेल गोडाचं होतं. मी दोन ढुशा दिल्या.

"गप्प," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "माझं नाक शाबूत आहे," आणि तेल कढईत ओतलं.