रांगेतली तिरकी कबर

पडदा वर जातो तेव्हा सगळं पांढरं आहे. वर पांढरं आभाळ, खाली पांढरं रान, आणि दोहोंना वेगळं करणारी रेघ कुठेच नाही. एका अंगाला चर्चची लाकडी इमारत, दुसऱ्या अंगाला दफनभूमी. मधोमध एक पत्रा, आणि त्याच्या कडांमधून निघणारा कोळशाचा धूर. मॅनिटोबातल्या या गावात भर हिवाळ्यात कुणी गेलं, तर आधी जमीन तापवावी लागते. त्याशिवाय कुदळ आत शिरत नाही.

धुराजवळ दोघं उभी आहेत. गावच्या कबरी खणणारा डीड्रिख फ्रेझ, आणि ऐंशी उलटलेल्या जस्टिना हीबर्ट, डोक्याला काळा रुमाल घट्ट बांधून.

"काकू, घरी जा. नाहीतर उद्या तुमच्यासाठी कोळसा पेटवावा लागेल."

"पेटव की. धंदाच आहे तुझा."

गेले होते आदमबाबा. दारफूरच्या लढाईतून निसटून छावणीत वर्षं काढलेले म्हातारे. त्यांना, मुलगा मुबारकला, सुनेला आणि नातवंडांना या चर्चने जबाबदारी घेऊन इथे आणलं होतं, तेही जस्टिनाकाकूंच्या हट्टापायी. सभेत कुणीतरी कुरकुरलं होतं, "आपण शेतकरी माणसं, आपल्याला हे कुठलं झेपतंय!" तेव्हा काकू ताडकन उठल्या होत्या. "माझ्या आईनं मला पाठीला बांधून रशियातून आणलं, तेव्हा इथल्यांना काय झेपत होतं? तरी कुणीतरी आमच्यासाठी चूल पेटवून ठेवली होतीच ना?" सभेने माना खाली घातल्या.

आदमबाबांना इंग्रजी येत नसे आणि काकूंना अरबी. पण रविवारी दुपारी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायची या गावाची जुनी खोड. आदमबाबा काकूंच्या स्वयंपाकघरात यायचे आणि खिशातून कलिंगडाच्या भाजलेल्या बिया काढायचे. मग एकाच वाडग्यात टरफलं टाकत दोघं आपापल्या भाषेत एकमेकांना टोमणे मारायची. काकूंचे यजमान पीटरकाका गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता.

आता वादळाने हमरस्ता बंद पडला होता. मुसलमानांची दफनभूमी दूर शहरात, आणि मुबारकला बापाची माती लांबवायची नव्हती. चर्चच्या आवारात ज्याची त्याची जागा ठरलेली. काकूंकडे दोन होत्या. पीटरकाकांच्या शेजारची स्वतःची, आणि तिच्यापलीकडची मुलाची. मुलगा व्हँकूव्हरला, माझी राख समुद्रात टाका, असं त्याने कधीच सांगून टाकलं होतं. त्याची जागा काकूंनी देऊन टाकली.

तेवढ्यात मुबारक बर्फातून धापा टाकत आला. शहरातल्या इमामांना त्याने फोन लावला होता.

"डीड्रिखभाई, तोंड मक्केकडे हवं. ईशान्येला."

"ईशान्येला? तिकडे नुसता बर्फ आहे रे बाबा!"

"पृथ्वी गोल आहे, म्हणाले."

डीड्रिखने दोरी धरून पाहिली. इथल्या साऱ्या कबरी शेतातल्या सरींसारख्या एका सरळ रेषेत. त्याने दोरी तिरकी केली, पुन्हा मापली, आणि काकूंकडे न बघता म्हणाला, "तिरकी एका जागेत मावत नाही, काकू. तुमच्या जागेत शिरते. बरीच शिरते. सरळच खणतो, तोंड तेवढं वळवून ठेवू."

आल्या दिवसापासून मुबारकने दुसऱ्यांचे कोट, दुसऱ्यांचे पलंगपोस घेतले होते आणि प्रत्येक वेळी आभार मानले होते. मागितलं कधी काही नव्हतं. आत्ताही तो नुसता दोरीकडे बघत राहिला. त्याने मागितलं असतं तर काकूंना कदाचित नाही म्हणता आलं असतं.

त्यांनी पीटरकाकांच्या दगडावरचा बर्फ हाताने पुसला. त्यावर काकूंचंही नाव आधीच कोरलेलं होतं.

"तिरकीच खण."

"आणि तुम्ही?"

"गावातली जमीन संपली का?"

"कुंपणाशी आहे थोडी, पण..."

"खण म्हटलं ना!"

वसंतात मुबारकला अल्बर्टात, मांसाच्या कारखान्यात काम मिळालं. त्याची बायको काकूंच्या गळ्यात पडून रडली आणि गाडी निघून गेली. आधी वरचेवर फोन यायचे, मग फक्त सणाला यायचे, मग तेही विरळ झाले. चर्चमधल्या बायका ऐकू जाईल असं बोलायच्या, "नवऱ्याशेजारची जागा ज्यांच्यासाठी सोडली, ते बघा भुर्रकन उडाले!" काकू मात्र दोन्ही कबरींवरचं गवत उपटत राहायच्या.

एका शरदात त्यांनी डीड्रिखला हाक मारून बोलावून घेतलं. "माझ्या जागेचं पुन्हा एकदा माप घे ना. मी आता बारीक झालेय."

त्याने घेतलं, अगदी मन लावून. मग दोरी गुंडाळत नकारार्थी मान हलवली.

"देताना हलकं वाटलं होतं रे," त्या म्हणाल्या. "रोज जड होत जातं, हे कुणी सांगितलं नव्हतं."

पुढच्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या, बोलणं जवळजवळ बंद झालं. डीड्रिख टोपी हातात धरून उशाशी बसला होता. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "काकू, कुंपणाजवळची कोपऱ्यातली जागा धरून ठेवलीय. चांगली आहे. तिथून पीटरकाकांचा दगड दिसतो."

त्यावर काकू जे बोलल्या, ते त्यांचं शेवटचं.

"तिकडे वारा फार लागतो, डीड्रिख. मला लोकरीचे मोजे घाल."